माशी अळीचा माग काढते तो वासावर



सुरू उसात पोंगा मर दिसू लागली की औषधाची चौकशी सुरू होते. त्याआधी आपल्या बाजूच्या एका माशीची ओळख करून घ्या.

ट्रायकोकार्डातून निघणारा ट्रायकोग्रामा खोडकिडीची अंडी मारतो, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. अंड्यातून सुटून खोडात घुसलेल्या अळीचे मात्र तो काही करू शकत नाही. तिथे स्टर्मिऑप्सिस माशी कामाला येते. तमिळनाडूत ती प्रयोगशाळेत वाढवून उसात सोडतात. दिसायला घरमाशीच म्हणा, अंगावर राठ केस तेवढे जास्त.

आता अळी खोडात आणि माशी बाहेर, मग गाठ पडते कशी? अळी पोखरताना छिद्राच्या तोंडाशी विष्ठेचा ओलसर भुसा साठतो. त्यावरून माशीला घर सापडते. ती तिथे अंडी घालत नाही. पोटातच उबवलेली, सुईच्या टोकाएवढी जिवंत पिल्ले छिद्रापाशी सोडते. ती भोकातून सरपटत आत जातात, अळीच्या अंगात शिरतात आणि तिला आतून खातात.

पण एवढ्या रानात किडका फुटवा लांबून कसा कळावा? याच कुळातल्या दुसऱ्या एका माशीवर जपानात प्रयोग झाले. लष्करी अळीने खाल्लेल्या मक्याच्या वासाकडे ती माशी ओढली गेली. अळी चावली की झाड वेगळा वास सोडते. म्हणजे झाडच एका परीने बोभाटा करते! प्रत्येक पिकाचा हा वास निराळा असतो.

तुतीवर रेशीमकिडे पाळणाऱ्यांना या कुळाची वाईट बाजू माहीत आहे. १९८० साली कर्नाटकात शिरलेली उझी माशी याच कुळातली. रेशीमअळी उघड्यावर असते, म्हणून उझी थेट तिच्या अंगावर पांढरी अंडी चिकटवते.

सरसकट फवारणी केली तर पानावर बसणारी माशी आधी मरते, खोडातली अळी सहसा वाचते. माझ्या मते लागणीनंतर दीड महिन्याने बाळबांधणी करून बुडाला माती लावणे जास्त फायद्याचे. मेलेले पोंगे जमिनीलगत कापून चिरून पाहा. जिवंत अळी असेल तर मारा. आत पिंपाच्या आकाराचा, गुळगुळीत, तांबूस-तपकिरी कोष मिळाला तर तो माशीचा समजा. तो जाळू नका, सरीतच सावलीला ठेवा. एखादा काडेपेटीत घालून गट ऑफिसला आणून दाखवलात तर बरे होईल.

– ऊस विकास अधिकारी