भाव आजचा, ऊस दीड वर्षानंतरचा



लागणीच्या नोंदी सुरू झाल्या की गट ऑफिसात एक प्रश्न हमखास येतो, "साहेब, साखर तेजीत आहे म्हणतात, आणखी एकरभर लावू का?" प्रश्न साधा दिसतो, पण त्यात अर्थशास्त्राचा पहिला धडा सगळा आला. मी शेतकी पदविकेचा माणूस, प्रोफेसर नव्हे. तेव्हा हा धडा सिनेमा आणि फुलबाजारातून सांगतो.

२०१६ च्या एप्रिलअखेर 'सैराट' आला. आपल्यापैकी बहुतेकांनी तो पाहिला असेल; त्यात ऊस आहे, पाटील आहेत, राजकारणही आहे. लोक इतके लोटले की सातारा जिल्ह्यात रहिमतपूरला रात्री १२ आणि पहाटे ३ चे खेळ लावावे लागले. म्हणजे काय झाले? मागणी वाढली आणि पुरवठा त्याच रात्री वाढला. तोच पडदा, त्याच खुर्च्या. गर्दी ओसरली की जादा खेळ बंद, मालकाचे काही अडकून पडत नाही.

आता पुण्याचे मार्केट यार्ड घ्या. दसऱ्याच्या तोंडावर पावसाने फुले सडली, आवक कमी झाली, की झेंडू भाव खाऊन जातो. तो भाव ऐकलेला जो तो पुढच्या साली झेंडूच लावतो, आणि सगळ्यांच्या गाड्या एकाच पहाटे गुलटेकडीत उभ्या राहतात. मग भाड्याचेही पैसे निघत नाहीत. तरी झेंडूचे बरे. लावणीपासून दोनेक महिन्यांत फूल, फसला तरी एका हंगामापुरता.

उसाचे तसे नाही. जुलै-ऑगस्टात लावलेला आडसाली पुढच्या साली दिवाळीच्या सुमारास तुटणार. त्यामागे खोडवा. म्हणजे आजचा भाव ऐकून टाकलेले बेणे दोन-अडीच वर्षे रान अडवून बसते. आणि ज्या भावाकडे बघून आपण लावतो, तो लोकांनी दीड वर्षापूर्वी काय लावले होते त्याचा आहे. आपला ऊस गव्हाणीत पडेल त्या दिवशीचा नव्हे.

जुन्या सभासदांना १९७८ साल आठवत असेल. १९७७-७८ ला देशात सुमारे ६५ लाख टन साखर झाली, गोदामे भरली. ऑगस्ट १९७८ मध्ये सरकारने साखर नियंत्रणमुक्त केली आणि भाव कोसळले. उसाला पैसे मिळेनात, लोकांनी रान दुसऱ्या पिकाखाली घातले, वर १९७९ चा दुष्काळ. १९७९-८० ला उत्पादन ३९ लाख टनांवर आले आणि डिसेंबर १९७९ मध्ये नियंत्रण परत आणावे लागले. साखर महागली, पुन्हा सगळ्यांनी ऊस लावला. १९८१-८२ ला ८४ लाख टन! खाणारी तोंडे काही चार वर्षांत निम्मी होऊन दुप्पट झाली नव्हती.

हे जुने झाले म्हणाल, तर अलीकडचे घ्या. दुष्काळामुळे २०१६-१७ ला महाराष्ट्रात ४२ लाख टन साखर झाली. पाणी आले, भावही होता. पुढच्याच हंगामात १०७ लाख टन. भाव इतका घसरला की जून २०१८ मध्ये केंद्राला किलोमागे किमान २९ रुपये विक्रीदर बांधून द्यावा लागला, फेब्रुवारी २०१९ मध्ये ३१.

यावर कोणी म्हणेल, "साखर पडो की चढो, आम्हाला एफआरपी आहेच." आहे. २०२५-२६ साठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये, आणि कायद्याने १४ दिवसांत. पण पैसा शेवटी साखर विकूनच यायचा. मंदीत दर कागदावर उतरत नाही, तारीख मात्र पुढे सरकते. २०१८ मध्ये देशातली ऊसबिलांची थकबाकी २० हजार कोटींच्या वर गेली होती. सोसायटीच्या कर्जाची तारीख काही सरकत नाही! इथेनॉलमुळे जादा उसाला वाट मिळाली हे खरे, पण तो नळ दिल्लीत आहे. डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करणे एकदम बंद झाले, आणि आठवड्याभराने मर्यादा घालून परत सुरू झाले.

तेव्हा भावापेक्षा लागण बघा. पुण्यात शिवाजीनगरच्या साखर संकुलात राज्याच्या ऊसक्षेत्राचे आकडे गोळा होतात आणि गाळपाआधी वर्तमानपत्रांत छापून येतात. आपल्या गटाची आडसाली, पूर्वहंगामी, सुरू आणि खोडवा अशी नोंद गट ऑफिसच्या रजिस्टरात असते. गेल्या सालापेक्षा दोन्हीकडे क्षेत्र वाढलेले दिसले, तर जादा एकराचा खर्च आहे त्या खोडव्यावर करावा. पाचट न जाळता सरीत दाबावे, नांग्या भरून घ्याव्यात, खत वेळेवर द्यावे. रजिस्टर बघायला सभासदाला परवानगी लागत नाही. बेणे ठरवण्याआधी या, मी किंवा गटप्रमुख काढून दाखवू.