बँक बदलण्यापूर्वी

आमच्या गोदामात अनेक वर्षे हमाली करणाऱ्या एका गृहस्थांच्या खात्यातून, शिल्लक किमान मर्यादेखाली गेली म्हणून, एका मोठ्या बँकेने लागोपाठ तीन महिने दंड कापून घेतला. कन्येच्या विवाहासाठी शंभर-पन्नास करून साठविलेले ते पैसे! संतापाने ते म्हणाले, "शेठजी, उद्याच सगळे काढून धारच्या पतसंस्थेत ठेवतो. तेथे व्याजही दोन टक्के जास्त आहे." मी त्यांना चार दिवस थांबविले. त्या दिवसांत जे वाचले व विचारून घेतले, ते आपल्या अमझेऱ्याच्या सभासद-बंधूंपुढे ठेवीत आहे. कारण असाच विचार आपल्यापैकीही काहींच्या घरी चालू आहे.

निषेध म्हणून बँक सोडण्याचा गाजलेला प्रसंग अमेरिकेतील. सप्टेंबर २०११ मध्ये बँक ऑफ अमेरिका या पेढीने डेबिट कार्डावर दरमहा पाच डॉलर आकारण्याचे जाहीर केले. लॉस एंजेलिस येथील क्रिस्टेन ख्रिश्चन या तरुण महिलेने ५ नोव्हेंबर हा दिवस ठरवून, सर्वांनी आपली बचत तेथील सहकारी पतसंस्थांत न्यावी, असे आवाहन केले. तो दिवस उजाडण्यापूर्वीच, १ नोव्हेंबरला, बँकेने आकारणी मागे घेतली. साडेसहा लाख नवे सभासद मिळाल्याचे पतसंस्थांच्या महासंघाने प्रथम सांगितले. पुढे स्वतःच तो आकडा बराच खाली आणला. (आवकेचे आकडे फुगविणे केवळ मंडीतच चालते असे नाही.)

तथापि त्या लोकांनी राग व्यक्त करताना ठेव धोक्यात घातली नव्हती, ही गोष्ट ध्यानात घ्यावी. तेथे पतसंस्थेतील ठेवीलाही बँकेइतकेच, अडीच लाख डॉलरपर्यंत, विम्याचे संरक्षण आहे. आपल्याकडे तसे नाही. १९६० साली केरळातील पलाई सेंट्रल बँक व अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली, त्यानंतर १९६२ पासून ठेव-विमा सुरू झाला. आज त्याची मर्यादा व्याजासह पाच लाख रुपये आहे. ती रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या बँकांना, म्हणजे सहकारी बँकांनाही, लागू आहे. पतसंस्था मात्र सहकार खात्याकडे नोंदलेली असते; तिच्यातील ठेवीला हा विमा नाही. पाटीवरील रंगरंगोटी सारखीच असल्याने सामान्य माणसास हा भेद दिसत नाही.

याचा अर्थ सहकार वाईट, असा नव्हे. विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांनी १८८९ साली बडोद्यास 'अन्योन्य सहकारी मंडळी' काढली, तेव्हा सरकारी कायदा व्हावयास पंधरा वर्षे अवकाश होता. परस्परांच्या ओळखीवर चाललेली ती संस्था शतकाहून अधिक टिकली, आणि २००७ मध्ये तिच्यावरही रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले. पुढे सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेच्या ठेवीदारांना, सहा महिन्यांत फक्त एक हजार रुपये काढता येतील, असे कळले. कर्जाचा फार मोठा हिस्सा एकाच बांधकाम-समूहाकडे गेला होता आणि तो लपविला होता. ठेव-विमा एक लाखाचा पाच लाख झाला तो यानंतर, फेब्रुवारी २०२० मध्ये.

पोत्याचे तोंड पाहून आपण गहू घेत नाही. परखी खुपसून तळचा दाणा काढतो. येथेही तेच करावे. लेखापरीक्षणाचा अहवाल मागावा. थकीत कर्ज किती, संचालकांच्या आप्तांना किती, हे पाहावे. आपणास मताधिकार असलेले सभासद करून घेतात की नाममात्र, हेही विचारावे. नाममात्र सभासदास मत नसते. मग निषेध करून आपण मिळविले काय? शिवाय पंधरा कर्मादाने वर्ज्य मानणारे आपण, आपल्या ठेवीवर कोणता धंदा चालतो, हे मोठ्या बँकेस कधी विचारतच नाही. पूर्ण सभासदास सर्वसाधारण सभेत उभे राहून ते विचारता येते. मात्र त्या सभेस गेले पाहिजे, आणि आपल्यापैकी बहुतेक जण अहवालाबरोबरच्या अल्पोपाहारापुरतेच जातात.

आमच्या त्या गृहस्थांनी पाचव्या दिवशी बँकेत अर्ज देऊन आपले खाते मूलभूत बचत खात्यात बदलून घेतले. त्यास किमान शिलकेची अट नसते. विवाहाची रक्कम तेथेच आहे. धारच्या संस्थेकडे त्यांनी अहवाल मागितला आहे. तो अद्याप मिळालेला नाही.