वापरणाऱ्याचा अनुभव : प्रश्नावलीने मापन

शाळेत नवे साधन आले, मग तो संगणक असो वा मोबाइलवरील हजेरीची सोय, की ‘कसे वाटले?’ असे विचारले जाते व ‘चांगले आहे’ असे उत्तर मिळते. हे उत्तर बहुधा सौजन्याचे असते. ज्याचे अडले तो गप्प राहतो आणि साधन उत्तम ठरते. म्हणून अनुभवाचे मापन पद्धतशीर व्हावयास हवे.

या कामी जगभर रूढ असलेली एक प्रश्नावली अभ्यासनीय आहे. जॉन ब्रुक यांनी ती १९८६ मध्ये इंग्लंडातील रेडिंग येथे, डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या संगणक कंपनीत असताना तयार केली. तीत दहा विधाने आहेत. प्रत्येकापुढे १ (मुळीच मान्य नाही) ते ५ (पूर्ण मान्य) यांपैकी एक अंक निवडावयाचा असतो. विषम क्रमांकाची विधाने अनुकूल व सम क्रमांकाची प्रतिकूल आहेत. एकात साधन सोपे असल्याचे म्हटले आहे, तर दुसऱ्या एकात ते विनाकारण गुंतागुंतीचे असल्याचे.

गुणदान : विषम विधानाच्या अंकातून १ वजा करावा, सम विधानाचा अंक ५ मधून वजा करावा. आलेल्या बेरजेस २.५ ने गुणावे. समजा, विषम विधानांना ४, ५, ४, ४, ४ व सम विधानांना २, १, २, ३, २ असे अंक मिळाले. पहिल्यांचे १६, दुसऱ्यांचे १५, एकूण ३१. म्हणून गुण ७७.५.

अर्थ लावताना पुढील गोष्टी ध्यानी घ्याव्यात :

(१) हे गुण ० ते १०० असले, तरी ते शेकडेवारी नव्हेत. अनेक चाचण्यांतून सरासरी ६८ च्या आसपास आढळली आहे. तेव्हा ५० गुण म्हणजे ‘उत्तीर्ण’ नव्हे. ते साधन सरासरीहून उणे होय.

(२) साधन प्रत्यक्ष वापरून होताच, चर्चेपूर्वी, प्रश्नावली भरून घ्यावी. शेजाऱ्याचे वा वरिष्ठांचे मत कानी पडले, की स्वतःचे मत बदलते.

(३) गुण अडचण आहे एवढेच सांगतात. तिचे कारण सांगत नाहीत. त्यासाठी ‘कोठे थांबावे लागले?’ असे विचारावे व वापर चालू असता निरीक्षण करावे.

(४) स्वतः विधाने रचताना एका विधानात एकच गोष्ट असावी. ‘साधन सोपे व उपयुक्त आहे’ यास होकार मिळाला, तर तो कशास, हे कळत नाही.

स्वाध्याय : एकाने दहाही विधानांना ५ अंक दिले, दुसऱ्याने दहाही विधानांना १. दोघांचेही गुण ५० च का येतात, ते करून पाहावे.