घरातील वाळवीची पहिली चिन्हे

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत घरोघरी सागवान वापरले जाते. त्यामुळे घरास वाळवीचे भय नाही, असा समज आढळतो. तो पुरता खरा नाही. सागाचा पक्व गाभा वाळवीस सहसा दाद देत नाही. परंतु त्याभोवतीचे फिकट लाकूड व बांबू तिच्या भक्ष्यस्थानी पडतात.

वाळवी उजेड टाळते व ओलावा शोधते. म्हणून पावसाळ्यात पुढील चिन्हे पाहावीत :

(१) भिंतीच्या पायथ्यापासून वर चढलेली, पेन्सिलीएवढी मातीची नळी. तिचा थोडा भाग मोडावा. ३-४ दिवसांत तो पुन्हा सांधला गेल्यास आत वाळवी आहे, हे निश्चित. न सांधल्यास मात्र ती गेली, असे मानू नये.

(२) खांब वा चौकट ठोकल्यास येणारा पोकळ आवाज.

(३) पहिल्या पावसानंतर दिव्याखाली गळालेले पंख. वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे असतात; मुंगीचे पुढचे मोठे व मागचे लहान असतात.

नळी पुसल्याने वाळवी जात नाही. तिचे मूळ घर जमिनीत असते. सरपण, कणगी व धानाची पोती भिंतीपासून दूर, दगडांवर ठेवावीत. औषध वापरण्यापूर्वी तालुका कृषी कार्यालयाचा सल्ला घ्यावा.