दीड हजार रुपये आणि कापूस वेचणी

प्रश्न : यंदाही वेचणीला बाया मिळता मिळेनात. गावात एकच चर्चा – ‘लाडक्या बहिणीचे दीड हजार घरबसल्या मिळतात, मग उन्हात कोण येईल?’ सरकारी पैशानं कामाची सवय खरंच मोडते का?
– एक कापूस उत्पादक, ता. देवळी, जि. वर्धा

उत्तर : आधी हिशोब मांडू. महिन्याचे 1,500 म्हणजे दिवसाचे 50 रुपये. किलोला 10 रुपये वेचाई धरली, तर ही पाच किलोंची मजुरी झाली. तेवढ्यावर कुणाचं घर चालत नाही. शिवाय बाई शेतात गेली म्हणून या रकमेतून दिवसागणिक काही कापलं जात नाही. फार तर ताप अंगावर काढणारी एखादी घरी थांबेल, एखादी भाव वाढवून मागेल. सहा विकसनशील देशांतल्या सात रोख मदत योजनांच्या 2017च्या अभ्यासातही लोकांनी काम सोडल्याचं दिसलं नाही. मग बाया का मिळत नाहीत? आपल्याकडे वेचणीच्या मुहूर्ताची सीतादही झाली की सगळ्यांचाच कापूस एकदम फुटतो. त्यातच सोयाबीनची सोंगणी आणि मळणी. हात तेवढेच, मागणी दुप्पट.

खरी अडचण योजनांच्या अटींत आहे. संजय गांधी निराधार योजनेत विधवांना महिन्याला 1,500 मिळतात. पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000च्या आत हवं, म्हणजे दिवसाला 58 रुपयेही नकोत! एकटी राहणारी विधवा मजुरी करून ही मर्यादा रुपयानं ओलांडते, तेव्हा कागदोपत्री तिचे वर्षाचे 18,000 जातात. मग ती काम टाळते किंवा कमाई लपवते. याला आळस म्हणणं अन्यायाचं आहे. प्राप्तिकराच्या टप्प्यांत असं होत नाही. तिथं वाढीव दर फक्त वरच्या टप्प्यातल्या कमाईला लागतो.

दुसरी वाट महाराष्ट्रानंच दाखवली आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतल्या रोजगार हमीसाठी 1975 साली नोकरदारांवर व्यवसाय कर बसला आणि त्या पैशातून गावात काम मागणाऱ्याच्या हाती मजुरी पडली. कर आणि मदत, दोन्ही कष्टाशी जोडलेले.

जे कष्ट करू शकत नाहीत, त्यांना बिनशर्त मदत मिळालीच पाहिजे. इतरांची मदत मर्यादा ओलांडताच तोडू नये; कमाई वाढेल तशी ती हळूहळू कमी व्हावी. आणि वेचणीला बाया हव्या असतील, तर दीड हजारांना दोष देण्याआधी वेचाईचा भाव वाढवून पाहा.