बट्ट्यापासून वचनापर्यंत : रुपयाची वाटचाल

चलन हे राष्ट्राच्या सार्वभौमत्वाचे चिन्ह मानले जाते. परंतु सामान्य नागरिकाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व याहून साधे आणि अधिक निकडीचे आहे. कष्ट करून मिळविलेला पैसा दुसऱ्या गावी, दुसऱ्या बाजारी आणि दुसऱ्या दिवशी त्याच किमतीला स्वीकारला जाईल काय, हा त्याचा खरा प्रश्न असतो. भारतीय रुपयाचा इतिहास म्हणजे या एका प्रश्नाला निरनिराळ्या काळांत मिळालेल्या उत्तरांचा इतिहास होय. तो समजून घेतल्यास आजच्या नाण्यांविषयी व नोटांविषयी गावोगावी निर्माण होणाऱ्या शंकांचेही निरसन होऊ शकते.

नाशिकच्या लेण्यातील हिशेब

पैशाच्या व्यवहाराचा एक प्राचीन आणि स्पष्ट पुरावा महाराष्ट्रातच उपलब्ध आहे. नाशिकजवळच्या पांडवलेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे त्याने दोन हजार कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवले. व्याजाचा दर दरमहा शेकडा एक होता. त्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यावेत, असे त्यात नमूद केले आहे. दोन हजारांवर या दराने वर्षाचे व्याज २४० कार्षापण होते. वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा दिल्यास रक्कम तेवढीच भरते. मुद्दल अबाधित ठेवून व्याजाचा विनियोग करण्याची पद्धत त्या काळी किती रुळलेली होती, हे यावरून दिसून येते.

याच परिसरातील जोगळटेंभी येथे १९०६ साली नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. त्यात तेरा हजारांहून अधिक नाणी होती आणि त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटविलेला होता. सत्ता बदलली, ठसा बदलला. चांदी मात्र तीच राहिली. नाण्याचे मोल धातूत असे आणि राजाचा ठसा ही त्या धातूबद्दलची ग्वाही असे, हे तत्त्व पुढे अनेक शतके टिकले.

बट्ट्याचा भार

रुपया हे नाव संस्कृतातील 'रूप्य' म्हणजे चांदी या शब्दाशी निगडित आहे. दिल्लीच्या गादीवर १५४० ते १५४५ या काळात असलेल्या शेरशाह सूरीने सुमारे १७८ ग्रेन वजनाचा चांदीचा रुपया पाडला. मोगलांनीही तोच पुढे चालविला. महाराष्ट्रात छत्रपती शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या निमित्ताने १६७४ साली सोन्याचा होन व तांब्याची शिवराई ही आपली स्वतंत्र नाणी काढली. शिवराई इतकी लोकमान्य झाली की, राज्य गेल्यानंतरही कित्येक वर्षे ती बाजारात चालत राहिली.

अठराव्या शतकात मात्र टाकसाळी वाढल्या आणि त्या पुष्कळदा मक्त्याने दिल्या जाऊ लागल्या. अंकुशी, चांदवडी, सुरती असे नाना प्रकारचे रुपये एकाच बाजारात फिरत. प्रत्येकाचे वजन आणि कस यांत फरक असे. नाणे झिजले की किंमत उतरे. परक्या टाकसाळीचे असले तरी किंमत उतरे. ही घट म्हणजे बट्टा. नाणी पारखून घेण्याचे काम करणारा पोतदार हा गावगाड्यातील एक अधिकारी होता. आज केवळ आडनाव म्हणून उरलेला हा शब्द त्या व्यवस्थेची साक्ष देतो.

बट्ट्याचा भार कोणावर पडे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. सावकाराला व सराफाला नाण्यांचे भाव ठाऊक असत. शेतकरी धान्य विकून जे नाणे घरी आणी, तेच सारा भरताना किंवा कर्ज फेडताना कमी किमतीचे ठरे. एकाच पैशावर त्याला दोनदा तूट सोसावी लागे. 'नावाला बट्टा लागणे' या वाक्प्रचारात ती जुनी सल अद्याप जिवंत आहे.

एक वजन, एक नाणे

ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने १८३५ च्या कायद्याने आपल्या संपूर्ण मुलखासाठी एकच रुपया ठरविला. त्याचे वजन १८० ग्रेन म्हणजे एक तोळा असून त्यात बारापैकी अकरा भाग शुद्ध चांदी होती. त्यामुळे 'एक रुपयाभार' म्हणजे एक तोळा, असे वजनाचे मापही रूढ झाले. एका रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे आणि एकशे ब्याण्णव पै असा हिशेब होता. विदेशी सत्तेने आपल्या सोयीसाठी केलेली ही सुधारणा असली, तरी तिच्यामुळे बट्ट्याच्या धंद्याला मोठा आळा बसला. संस्थानांची स्वतंत्र नाणी मात्र पुढेही चालू राहिली.

कागदावरील वचन

नोटांचा प्रारंभ खाजगी व इलाखा बँकांनी केला. १८४० साली स्थापन झालेली बँक ऑफ बाँबे ही त्यांपैकी एक होय. १८६१ च्या कागदी चलन कायद्याने नोटा काढण्याचा अधिकार केवळ सरकारकडे आला. तथापि, देशाचे विभाग पाडलेले असल्याने एका विभागाची नोट दुसऱ्या विभागात हक्काने वटविता येत नसे. १९०३ ते १९११ या काळात पाचापासून शंभर रुपयांपर्यंतच्या नोटा टप्प्याटप्प्याने देशभर वटविण्यायोग्य झाल्या, तेव्हाच कागदी चलनाला खरा प्रसार लाभला.

दरम्यान, धातूच्या मोलाचा आधारही डळमळू लागला होता. जागतिक बाजारात चांदी स्वस्त होत गेल्याने १८७० च्या सुमारास जवळजवळ दोन शिलिंग असलेला रुपया १८९२ पर्यंत सव्वा शिलिंगाच्या आसपास आला. अखेर १८९३ मध्ये लोकांनी आणलेल्या चांदीचे रुपये पाडून देणे टाकसाळींनी बंद केले. तेव्हापासून रुपयाची दर्शनी किंमत त्यातील चांदीहून अधिक झाली. उलट पहिल्या महायुद्धात चांदी महागली आणि १९१७ साली सरकारला एक रुपयाची नोट काढावी लागली. नाण्याचे मोल धातूत आहे, ही समजूत येथे व्यवहारात मागे पडली.

मग हे मोल कशात असते? या प्रश्नाचा मूलगामी विचार डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या ग्रंथात केला. विदेशी चलनाशी रुपयाचा दर स्थिर राखण्यापेक्षा देशात रुपयाने किती वस्तू विकत मिळतात, ही क्रयशक्ती स्थिर राखणे महत्त्वाचे आहे आणि त्यासाठी चलन निर्माण करण्याच्या सरकारी अधिकाराला निश्चित मर्यादा हवी, असा त्यांचा आग्रह होता. चलन भरमसाट वाढले की भाव चढतात आणि त्याची झळ मजुरीवर जगणाऱ्याला प्रथम लागते. म्हणजेच बट्टा सराफाच्या दुकानातच बसतो असे नाही. तो भाववाढीच्या रूपानेही बसू शकतो. चलनविषयक शाही आयोगापुढेही त्यांनी आपले विचार मांडले. मध्यवर्ती बँक असावी, अशी शिफारस या आयोगाने १९२६ मध्ये केली.

त्यानंतर १९३४ च्या कायद्यानुसार रिझर्व्ह बँक १ एप्रिल १९३५ रोजी सुरू झाली. १९३७ मध्ये तिचे मध्यवर्ती कार्यालय कायमचे मुंबईस आले आणि १९३८ मध्ये तिने आपली पहिली नोट काढली. नोटा छापण्याचे काम तत्पूर्वीच, १९२८ पासून, नाशिक रोड येथे सुरू झाले होते. रायगड जिल्ह्याचे सुपुत्र चिंतामणराव देशमुख १९४३ मध्ये या बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. १ जानेवारी १९४९ रोजी बँकेचे राष्ट्रीयीकरण झाले, तर १५ ऑगस्ट १९५० रोजी अशोकस्तंभाच्या सिंहशीर्षाची मुद्रा असलेली प्रजासत्ताकाची नाणी निघाली.

मराठवाडा आणि गोवा

तथापि, सर्व मराठी भाषकांच्या हाती एकच रुपया येण्यास आणखी काही वर्षे जावी लागली. मराठवाड्यात निजामाच्या राज्याचे हाली चलन होते. सात हाली रुपये म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानचे सहा रुपये असा हिशेब होता. सरहद्द ओलांडून बाजारास जाणाऱ्याला ही वजाबाकी प्रत्येक वेळी करावी लागे. १९४८ मध्ये हैदराबाद मुक्त झाल्यानंतर दोन्ही चलने काही काळ बरोबरीने चालली आणि १९५९ मध्ये हाली चलनाचा शेवट झाला. गोव्यात पोर्तुगीज राजवटीचा रुपया सोळा टांगांचा होता; पुढे तेथे एस्कुदो आला. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाल्यानंतर तेथेही भारतीय रुपया प्रचलित झाला.

आणे गेले, पैसे आले

सोळा आण्यांच्या जागी शंभर पैसे आणणारी दशमान पद्धती १ एप्रिल १९५७ पासून अमलात आली. कोट्यवधी लोकांना एकाच वेळी नवे अंकगणित शिकविण्याचा हा उपक्रम होता. जुन्या व नव्या पैशात गोंधळ होऊ नये म्हणून 'नवा पैसा' हे नाव दिले गेले. १९६४ मध्ये त्यातील 'नवा' हा शब्द गळाला. अडचण अपूर्णांकाची होती. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. चार आण्यांचे पंचवीस आणि आठ आण्यांचे पन्नास पैसे बरोबर होत. परंतु एक, दोन किंवा तीन आण्यांचे पूर्ण पैसे होत नसत. किरकोळ खरेदी करणाऱ्या गरिबालाच हा प्रश्न रोज पडे. म्हणून रूपांतराचे तक्ते काढण्यात आले आणि जुनी व नवी नाणी काही काळ एकत्र चालू देण्यात आली. पावकी-निमकी पाठ करून घेणाऱ्या प्राथमिक शिक्षकांनीच शतमानाचा हा हिशेब मुलांमार्फत घरोघरी पोचविला.

आणे व्यवहारातून गेले, पण भाषेतून गेले नाहीत. 'सोळा आणे खरे' हे आजही म्हटले जाते. पिकाच्या अंदाजाला महसूल दप्तरात पैसेवारी हा शब्द आला, तरी अनेक गावांत अद्याप आणेवारीच म्हणतात. पंचवीस पैसे व त्याखालील नाणी ३० जून २०११ पासून बंद झाली; आता पन्नास पैसे हे सर्वांत लहान वैध नाणे आहे.

वचनाची कसोटी

आजच्या नोटेतील कागदाला स्वतःचे मोल जवळजवळ नाही. तिची किंमत गव्हर्नरांच्या स्वाक्षरीने दिलेल्या वचनात आणि त्यामागील कायद्यात आहे. नोटेच्या मागील बाजूस मराठीसह पंधरा भाषांत तिची किंमत छापलेली असते, ती याचसाठी. हे वचन कायद्याने मागेही घेता येते. १९४६ व १९७८ मध्ये रद्द झालेल्या मोठ्या नोटा सामान्य माणसाच्या हाती क्वचितच असत. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी रद्द झालेल्या पाचशे व हजाराच्या नोटा मात्र मूल्याच्या दृष्टीने चलनाचा सुमारे ८६ टक्के भाग होत्या. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना त्या स्वीकारण्यास काही दिवसांतच मनाई झाल्याने ग्रामीण खातेदारांची विशेष अडचण झाली. चलनातील बदलाची अचूक माहिती वेळेवर व शेवटच्या माणसापर्यंत पोचणे किती आवश्यक आहे, हा धडा त्यातून मिळतो.

याच दृष्टीने एका नित्याच्या तक्रारीकडे लक्ष दिले पाहिजे. दहा रुपयांची नाणी काही ठिकाणी नाकारली जातात. रुपयाचे चिन्ह नसलेले नाणे खोटे, अमुक इतके किरण असलेलेच खरे, अशा अफवा त्यामागे असतात. वस्तुतः रुपयाचे चिन्ह १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले गेले. त्यापूर्वीच्या नाण्यांवर ते असणे शक्यच नाही. दहा रुपयांच्या नाण्याचे चौदा प्रकार निघाले असून ते सर्व वैध आहेत, असा खुलासा रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये केला आहे. २०११ च्या नाणे कायद्यानुसार एक रुपया व त्यावरील नाणी एक हजार रुपयांपर्यंतच्या रकमेसाठी, तर पन्नास पैशांची नाणी दहा रुपयांपर्यंत वैध चलन आहेत. फाटक्या नोटा कमी किमतीत घेणाऱ्याकडे जाण्याचेही कारण नाही. मळक्या व फाटक्या नोटा बँकेच्या शाखेत नियमानुसार बदलून मिळतात.

आठवड्याच्या बाजारात भाजी विकणाऱ्या स्त्रीचे दहाचे नाणे पुढच्या दुकानात नाकारले गेले, तर तिच्या दृष्टीने तो जुना बट्टाच नव्या रूपाने परत आलेला असतो. ग्रामसभेत याविषयी माहिती देणे, कराच्या वसुलीत पंचायतीने स्वतः ही नाणी विनातक्रार स्वीकारणे आणि शाळेत मुलांना नाणी व नोटा ओळखण्यास शिकविणे, ही कामे लहान वाटली तरी परिणामकारक आहेत. टाकसाळ नाणे पाडते आणि बँक वचन देते. ते वचन बाजारात पाळले जाते की नाही, हे मात्र गावातील जाणत्या माणसांवर अवलंबून असते.