आधी परतीचं बघा

त्या सकाळी देवबागची खाडी इतकी निवांत होती की पाण्यातली माडांची सावलीही मोडत नव्हती. जानेवारी महिना, पावणेसातची वेळ, हवेत गारवा. आदल्या दिवशी पौषातली संकष्टी होती. रात्री चंद्रोदयाची वेळ पंचांगात बघून उपास सोडला होता आणि आता नवा पॅडलबोर्ड फुगवून मी एकटीच पाण्यात उतरत होते.

बोर्ड ऑनलाइन मागवलेला. पुण्याजवळच्या धरणाच्या पाण्यावर त्यावर चार वेळा उभं राहून झालं होतं. पोहायला लहानपणापासून येतं. त्या भरवशावर मी लाइफ जॅकेट अंगात न घालता बोर्डच्या पुढच्या इलॅस्टिकखाली अडकवलं. लीश, म्हणजे बोर्ड आपल्याला बांधून ठेवणारी दोरी, पिशवीतच राहू दिली. नांगरलेल्या होड्यांचा एक फोटो काढला, मोबाइल काठावर चपलांशेजारी ठेवला आणि निघाले.

पहिली वीस मिनिटं फार सुंदर गेली. वल्ह्याच्या एकेका फटक्याला बोर्ड सरसर पुढे जात होता. मला वाटलं, आपला हात बसला. पण तो वेग माझा नव्हता. खाली सुकती लागली होती, खाडीचं पाणी समुद्राकडे ओढलं जात होतं. आणि पाठीवर मतलई वारा होता, जमिनीवरून समुद्राकडे जाणारा. पाठीमागून येणारा वारा कळतच नाही, कारण आपणही त्याच्याबरोबर चाललेलो असतो. परतायला बोर्ड वळवला तेव्हा तो तोंडावर आला, आणि तेव्हा कळलं.

कर्ली नदी तारकर्ली आणि देवबागच्या मागून समुद्राला समांतर वाहत येते आणि देवबागच्या टोकाला समुद्राला मिळते. पलीकडे भोगव्याचा किनारा. मी त्या मुखाशी पोचले होते. तिथे बाहेर निघालेलं ओहोटीचं पाणी समोरून येणाऱ्या लाटेला भिडतं आणि लाट आखूड, उभी होते. दुसऱ्याच लाटेला मी पडले. वर आले तेव्हा बोर्ड चार हात लांब गेला होता आणि वारा त्याला आणखी लांब नेत होता. जॅकेटही त्याच्याबरोबर चाललं होतं. एका लाटेने बोर्ड आडवा फिरवला म्हणून तो हाताला लागला. माझ्या पोहण्यामुळे नव्हे, हे मला त्याच क्षणी समजलं.

पुन्हा चढले, पुन्हा उभी राहिले, जिवाच्या आकांताने वल्हं मारलं. भोगव्याच्या बाजूचा एक खडक खूण म्हणून धरला होता. मी पुढे जाण्यासाठी वल्हं मारत होते आणि खडक पुढे सरकत होता. मी मागे जात होते.

मासेमारीवरून परतणारी एक होडी दिसली. सुकाणूवरच्या म्हाताऱ्या काकांनी दुरूनच हाक दिली, “बाय गो, आधी खाली बस! उभ्याक वारो लागता.” मी गुडघ्यांवर बसले आणि बोर्डचं सरकणं लगेच मंदावलं. मग दोर आला.

काठावर आल्यावर काका रागावले नाहीत. उपासामुळे ताकद कमी पडली असेल, असं मी म्हणाले. ते एवढंच बोलले, “काल संकष्टीचो चंद्र बघलंस, मगे सुकती नाय बघलंस?”

एकाच पंचांगात दोन्ही होतं

काकांचं बोलणं मी नीट समजून घेतलं. कोकणात भरतीचा हिशेब तिथीवर चालतो. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. त्या दिवशी पंचमी होती. पाचची पाऊणपट पावणेचार. म्हणजे पहाटे पावणेचारच्या आसपास पूर्ण भरती आणि तिथून साधारण सव्वासहा तासांनी, दहाच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. गावागावात थोडा फरक पडतो, पण त्या फरकाने माझं गणित बदलत नव्हतं. ओहोटीच्या सहा तासांत तिसऱ्या आणि चौथ्या तासाला पाण्याची ओढ सगळ्यांत जास्त असते. मी नेमकी त्याच वेळी उतरले होते. आजकाल मोबाइलवर भरती-ओहोटीचं कोष्टक मिनिटापर्यंत मिळतं, ते जरूर बघा. पण ही पाऊणपटही पाठ असू द्या, ती रेंज नसली तरी चालते.

वाऱ्याचंही तसंच. आपल्या किनाऱ्यावर हिवाळ्यात पहाटे जमीन गार आणि समुद्र त्या मानाने उबदार असतो, म्हणून वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो. तो मतलई. दुपारी जमीन तापली की उलट खारा वारा येतो, समुद्राकडून जमिनीकडे. मतलई वाऱ्यात काठालगतचं पाणी आरशासारखं दिसतं, कारण माड आणि घरं वारा अडवतात. जिथे उतरायचा मोह सर्वांत जास्त, तिथूनच वारा तुम्हाला बाहेर ढकलतो. पाणी शांत दिसतंय यावरून काहीही ठरवू नका. वारा कुठून कुठे जातोय, ते बघा.

आणि काकांचं ते पहिलं वाक्य. विंडसर्फिंगमध्ये शीड असतं, संकटात ते पाण्यात टाकता येतं. पॅडलबोर्डवर मात्र तुमचं उभं अंग हेच शीड. ते उतरवायचा एकच मार्ग आहे, बसणं. समोरून वारा असेल तर गुडघ्यांवर बसा आणि वल्ह्याची मूठ जरा खाली धरून मारा. तेवढ्यानेही भागलं नाही, तर पालथं पडून हातांनी पाणी मारा.

बोर्ड निवडताना

त्या दिवसानंतर मी प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारते. यावरून मी परत कशी येणार?

पहिल्या बोर्डसाठी साडेदहा फूट लांबी, ३२ इंच रुंदी आणि ६ इंच जाडी हे माप बहुतेक मोठ्या माणसांना चालतं. ४ इंच जाडीचे स्वस्त बोर्ड मधोमध खचतात. खचलेला बोर्ड पाण्याला अडतो आणि वाऱ्याविरुद्ध हलत नाही. हवा बोर्डवर छापलेल्या दाबापर्यंत भरा. तो बहुधा १५ पीएसआयच्या आसपास असतो. हातपंपाचे शेवटचे फटके फार जड जातात आणि तिथेच बहुतेक जण थांबतात. थांबू नका. मात्र फुगवलेला बोर्ड वाळूत उन्हात टाकून जेवायला जाऊ नका, आतली हवा तापून दाब वाढतो. बोर्ड सावलीत ठेवा.

वल्हं तुमच्या उंचीपेक्षा १५ ते २५ सेंटिमीटर लांब हवं. बोर्डच्या तळाचा मधला फिन न लावता उथळ पाण्यात उतरणारे मी पाहिले आहेत. फिनशिवाय बोर्ड सरळ जात नाही, जागच्या जागी फिरतो.

लाइफ जॅकेट अंगात घाला, बोर्डवर अडकवू नका. वल्हं मारताना हात मोकळे राहतील असं, ५० न्यूटन तरंगशक्तीचं, अंगाबरोबरचं जॅकेट पोहता येणाऱ्याला पुरतं. पोहता येत नसेल, तर त्याहून जास्त तरंगशक्तीचं घ्या आणि माहीतगार माणसाशिवाय पाण्यात उतरूच नका.

लीश बोर्डाइतकीच महत्त्वाची आहे. वारा फुगवलेला बोर्ड पोहणाऱ्यापेक्षा वेगाने नेतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण जागेप्रमाणे लीश बदलते. मोकळ्या समुद्रात आणि तळ्यात ती घोट्याला चालते. वाहत्या खाडीत, जिथे जाळ्यांचे खांब आणि होड्यांचे नांगरदोर असतात, तिथे घोट्याची लीश अडकली तर प्रवाह तुम्हाला पाण्याखाली दाबून धरतो आणि हात घोट्यापर्यंत पोचत नाही. अशा ठिकाणी कमरेच्या पट्ट्याला लावायची, एका ओढीत सुटणारी लीश घ्या आणि ती सोडायचा सराव काठावरच करा. पायात रबरी बूट असू द्या. खाडीतल्या खडकांना कालवं असतात, ती तळवा कापतात.

शीड घ्यायचं असेल तर

पुढच्या वर्षी गोव्यात मी विंडसर्फिंग शिकायला लागले आणि खरेदीत पुन्हा चुकले. जुना बोर्ड स्वस्तात मिळत होता, ८५ लिटरचा. दिसायला देखणा, हाताला हलका. ८५ लिटरचा बोर्ड पाण्यात साधारण ८५ किलो पेलतो. बोर्डचं स्वतःचं वजन ७ किलो, शीड-डोलकाठीचं ९, माझं ६२. बेरीज ७८. उरले ७ किलो. थांबून शीड वर ओढायला गेले की बोर्ड पायांखाली बुडायचा. असा बोर्ड वेगात असतानाच तरतो. वारा पडला की नवख्याला तो परत आणत नाही. पहिल्या वर्षी १८० ते २०० लिटरचा, रुंद, मधे खाली सोडायची फळी असलेला बोर्ड हवा.

शीडही लहान घ्या. हलक्या वाऱ्यात ४ चौरस मीटरच्या आसपासचं शीड शिकणाऱ्याला पुरे. वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाने वाढतो. वारा १० नॉटचा १४ नॉट झाला तर शिडावरचा ताण जवळजवळ दुप्पट होतो, आणि दुपारी खारा वारा एवढा वाढायला अर्धा तास पुरतो. डोलकाठी बोर्डला जोडणारा रबरी सांधा दर वेळी वाकवून बघा. त्याला चीर दिसली तर त्या दिवशी पाण्यात जायचं नाही, कारण तो तुटला की शीड आणि बोर्ड वेगळे होतात.

पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली विंडसर्फिंगचे बोर्ड फॉइलवर, म्हणजे बोर्डखालच्या पाण्यातल्या पंखावर, पाण्याच्या वर उचललेले सगळ्यांनी पाहिले. ते पाहून थेट फॉइल घ्यायला निघालेली मुलं मला भेटतात. हांगझोच्या आशियाई स्पर्धेत २०२३ साली भारताच्या इबाद अलीने विंडसर्फिंगचं कांस्य जिंकलं, तेही फॉइल नसलेल्या आरएस:एक्स बोर्डवर. आधी साधा बोर्ड हाताखाली येऊ द्या.

जागा आणि वेळ एकत्र निवडा

“कुठे जाऊ?” असं लोक विचारतात. मी उलट विचारते, “किती वाजता?” त्याच देवबागेत भरती पूर्ण व्हायच्या सुमाराला, पाणी थबकलेलं असताना, खाडीच्या आतल्या बाजूला गेलात तर तिच्याइतकी प्रेमळ जागा नाही. चढत्या भरतीवर आत जा आणि पाणी फिरू लागलं की त्याच्याबरोबर हळूहळू परत या. मुखाकडे मात्र जाऊ नका. गोव्यात साळ आणि चापोरा नद्यांनाही हाच नियम. पाळोळेचा वळणदार किनारा नवख्यांना बरा, पण तिथेही सकाळी मतलई असते, काठ सोडायचा नाही.

विंडसर्फिंगला दुपारचा खारा वारा हवा. फेब्रुवारी ते मे हा आपला हंगाम. मिरामार, दोना पावला या बाजूला शिकण्याजोगं पाणी आहे, आणि जलक्रीडेचं प्रशिक्षण देणारी राष्ट्रीय जलक्रीडा संस्थाही गोव्यातच आहे. वारा समुद्रावरून किनाऱ्याकडे तिरका येत असेल, तर काही बिघडलं तरी तो तुम्हाला किनाऱ्यालाच आणून सोडतो. पावसाळ्यात वारा कितीही बोलावत असला तरी समुद्र बंद. मच्छीमार १ जून ते ३१ जुलै होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात, त्या काळात तुम्हाला ओढून आणायला कोणी येणार नाही.

धरणाच्या पाण्यावर भरती-ओहोटी नाही, पण घाटातून उतरणारा वारा झटक्याने येतो, आणि पाणी उतरलं की बुडालेल्या झाडांचे खुंट फिनला लागतात. परवानगी आणि पाणी सोडायची वेळ, दोन्ही आधी विचारून घ्या.

परदेशातल्या मराठी मंडळींनाही हेच सांगते. इटलीच्या गार्डा तळ्यावर सकाळी उत्तरेकडून पेलेर वाहतो आणि दुपारी दक्षिणेकडून ओरा. तिथे मतलई आणि खाऱ्या वाऱ्याची नावं फक्त बदललेली आहेत. कुठल्याही गावी गेलात तरी तिथल्या वाऱ्यांची नावं आधी शिका. ज्या वाऱ्याला गावाने नाव दिलंय, त्याने गावाला काहीतरी शिकवलेलं असतं.

पाण्यात पाय घालण्याआधी

तिथी आणि भरती बघा. वाऱ्याची दिशा मुठीतली कोरडी वाळू सोडून बघा. किती वाजता परत येणार, ते काठावरच्या माणसाला सांगून जा. मोबाइल पाणबंद पिशवीत अंगावर ठेवा. तटरक्षक दलाचा १५५४ आणि ११२ हे क्रमांक त्यात असू द्या. पहिली दहा मिनिटं वाऱ्याच्या आणि प्रवाहाच्या विरुद्ध जा. ती झेपली नाहीत तर परतीची वाट पाठीवरच आहे. आणि काहीही झालं तरी बोर्ड सोडून पोहत काठ गाठायचा प्रयत्न करू नका. पाण्यातलं डोकं होडीवरून दिसत नाही, बोर्ड दिसतो.

त्या सकाळचा फोटो माझ्याकडे अजून आहे. धुकट उजेड, आरशासारखं पाणी, पाच नांगरलेल्या होड्या. कितीतरी दिवस मी तो नुसता सुंदर म्हणून बघत होते. मग एकदा लक्ष गेलं. पाचही होड्यांच्या नाळा एकाच दिशेला आहेत, खाडीच्या आत, वरच्या बाजूला. नांगरलेली होडी बहुधा ओढीकडे तोंड करून उभी राहते. पाणी बाहेर चाललं आहे, हे त्या पाचही होड्या मला सांगत होत्या, आणि मी त्यांचा फोटो काढून त्यांच्याकडे पाठ फिरवली होती. आता कुठल्याही किनाऱ्यावर गेले की बोर्ड पिशवीतून काढण्याआधी मी नांगरलेल्या होड्या शोधते, आणि त्यांची तोंडं कुठे आहेत ते बघते.